अमेरिकी कॉलेजचा अर्ज: आपले उद्योग, आपली माणसं आणि हातात अडीचशे शब्द

ऑगस्ट उजाडला की माझ्याकडे अर्जातल्या निबंधांचे मसुदे यायला लागतात. ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बारावीच्या मुलांचे. १ ऑगस्टला कॉमन ॲप (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट) नव्या वर्षासाठी उघडतं आणि त्यानंतरचे पाच महिने अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करणाऱ्या घरांत दुसरा विषय नसतो. मराठी घरातल्या मुलांचा मसुदा मला बरेचदा पहिल्या ओळीवरूनच ओळखू येतो: ‘आपण समाजाचं काही देणं लागतो, हे मला लहानपणापासून शिकवलं गेलं.’ वाक्यात खोटं काही नाही. पण हेच वाक्य शेजारच्या घरातल्या मुलीनंही लिहिलेलं असतं, जवळजवळ असंच.

याचं खापर मी मुलांवर फोडत नाही. दोष अर्धा भाषांतराचा आणि अर्धा शाळेतल्या निबंधाचा. निबंधासाठी कॉलेज जो प्रश्न देतं त्यात ‘कम्युनिटी’ हा शब्द आला की घरात त्याचा ‘समाज’ होतो, आणि ‘समाज’ म्हटलं की मागोमाग समाजसेवा, समाजप्रबोधन, समाजाचं ऋण अशी वरातच येते. प्रश्नातला शब्द मात्र बराच लहान आहे. आपल्याकडे त्याला जवळचे शब्द आहेत गोतावळा, कंपू, मंडळी, ‘आमच्यातले’. आणि शाळेतला निबंध म्हणजे सुरुवातीला सुविचार, मध्ये मुद्दे, शेवटी तात्पर्य. इथे यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीला कात्री लावायची आहे.

पुढची सगळी उदाहरणं मराठीत आहेत, निबंध अर्थातच इंग्रजीत लिहायचा आहे. पण विचार ज्या भाषेत सुचतो त्या भाषेत कच्चं टिपण काढायला काहीच हरकत नाही, उलट मी तेच सुचवेन.

आधी प्रश्न नीट वाचा

‘ॲक्टिव्हिटी आणि कम्युनिटीचा निबंध’ असं सरसकट म्हटलं जातं, पण प्रश्न तीन वेगळ्या जातींचे असतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

पहिली जात: एखाद्या उपक्रमाबद्दल थोडक्यात सांगा. स्टॅनफर्डनं अलीकडच्या वर्षांत हे ५० शब्दांत विचारलं आहे, आणि त्या प्रश्नात उपक्रमाबरोबर नोकरी आणि घरातली जबाबदारी यांचाही स्पष्ट उल्लेख असतो. इथे पार्श्वभूमी सांगायला जागाच नाही. थेट कामात उडी.

दुसरी जात: तुम्ही ज्या समूहाचे आहात त्याबद्दल सांगा. मिशिगन विद्यापीठ अनेक वर्षं ३०० शब्दांत विचारत असे की आपण सगळेच अनेक समूहांचे घटक असतो, त्यातला एक निवडा, त्याचं वर्णन करा आणि त्यातली तुमची जागा सांगा. येलनं ४०० शब्दांचा असाच प्रश्न देताना ‘कम्युनिटीची व्याख्या तुम्ही हवी तशी करा’ असं सरळ लिहिलं होतं. ‘त्यातली तुमची जागा’ हे तीन शब्द अधोरेखित करून ठेवा. बहुतेक मसुदे समूहाचं वर्णन करून थांबतात, किंवा समूह विसरून नुसते ‘मी, मी’ करतात.

तिसरी जात: तुम्ही काय बदललंत, काय दिलंत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आठ प्रश्नांपैकी सातवा प्रश्न हाच आहे: शाळा किंवा आपला परिसर अधिक चांगला व्हावा म्हणून तुम्ही काय केलंत? प्रिन्स्टनचा सेवा आणि नागरी जबाबदारीबद्दलचा २५० शब्दांचा प्रश्नही याच घरातला.

गेल्या काही वर्षांत दुसऱ्या जातीचे प्रश्न का वाढले, हेही माहीत असलेलं बरं. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करण्याच्या हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या पद्धती रद्द केल्या. त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी हेही लिहिलं की वंशाचा आपल्या आयुष्यावर कसा परिणाम झाला हे अर्जदारानं स्वतः मांडलं, तर विद्यापीठ ते विचारात घेऊ शकतं. पण ते त्या व्यक्तीच्या धैर्याशी, जिद्दीशी, क्षमतेशी जोडलेलं हवं. त्यानंतर अनेक कॉलेजांनी पार्श्वभूमी आणि समूहाबद्दलचे प्रश्न नव्यानं घातले. याचा अर्थ प्रत्येकानं आपलं भारतीयपण उलगडून दाखवलंच पाहिजे असा नाही. असेल तर लिहा, ओढून ताणून आणू नका.

प्रश्न दरवर्षी बदलू शकतात. मागच्या वर्षीच्या ताईच्या फाइलमधून प्रश्न उचलू नका. त्या वर्षीचा प्रश्न आणि शब्दमर्यादा अर्जातूनच उतरवून घ्या.

निबंधाआधी यादी भरा

हे उलटं वाटेल, पण आधी कॉमन ॲपमधला ॲक्टिव्हिटीजचा भाग भरा. कारण त्या यादीत जे पुरेसं सांगून झालं, ते निबंधात पुन्हा सांगायचं नाही. तिथे जे मावलं नाही, तिथून निबंध सुरू होतो.

कॉमन ॲपमध्ये दहापर्यंत उपक्रम लिहिता येतात. प्रत्येकासाठी पदाला ५० अक्षरं, संस्थेच्या नावाला १०० आणि वर्णनाला १५०. अक्षरं, शब्द नव्हेत; मोकळी जागाही मोजली जाते. इंग्रजीत १५० अक्षरं म्हणजे साधारण बावीस ते पंचवीस शब्द. ‘मी’ नको, पूर्ण वाक्य नको, संस्थेचं नाव वर लिहिलंच आहे ते पुन्हा नको. क्रियापदानं सुरुवात करा. ‘जबाबदार होतो’ हे क्रियापद नव्हे. ‘शिकवलं’, ‘दुरुस्त केलं’, ‘हिशेब ठेवला’ ही क्रियापदं.

मग आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे. इथे मुलं फार घोळ घालतात. समजा शाळेत वर्षाला दोन नाटकं होतात, प्रत्येकाची तालीम सहा आठवडे, आठवड्याला दहा तास. मग तास १० आणि आठवडे १२. आठवडे ४० लिहायचे नाहीत. शेवटी सगळ्या तासांची बेरीज एकदा स्वतः करून बघा. एका मुलानं दहा उपक्रमांना मिळून आठवड्याचे १२० तास भरले होते. आठवड्यात तास असतात १६८. शाळा आणि झोप कुठे बसवली होतीस, असं विचारल्यावर तो हसला आणि बेरीज ३१ वर आली.

क्रम महत्त्वाचा: तुम्हाला सगळ्यात जवळचं ते वर, भारदस्त नावाचं नव्हे. आणि दहाही रकाने भरलेच पाहिजेत असा कुठलाही नियम नाही. एमआयटी स्वतःचा वेगळा अर्ज वापरतं आणि तिथे उपक्रमांना जागाच चार आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात याच्या उलट, पुरस्कार, नोकरी, स्वयंसेवा सगळं धरून वीसपर्यंत नोंदी होतात आणि वर्णनाला ३५० अक्षरं मिळतात. म्हणजे एकच उपक्रम तुम्हाला दोन मापांत शिवून ठेवावा लागतो.

आता एक गोष्ट जी मला दरवर्षी सांगावी लागते. एका मुलाच्या यादीत चार क्लब होते, चारही पातळ. सहज विचारलं, शाळा सुटल्यावर काय करतोस? म्हणाला, धाकट्या बहिणीला आणतो, तिला खायला देतो, आजीबरोबर दवाखान्यात जातो कारण तिला इंग्रजी येत नाही. रोज? रोज. मग हे यादीत का नाही? ‘हे तर घरचंच काम आहे, त्यात काय लिहायचं!’

लिहायचं. कॉमन ॲपच्या उपक्रमांच्या प्रकारांत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा वेगळा प्रकार आहे, पगारी काम हाही आहे. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विद्यालयातल्या एका प्रकल्पानं जानेवारी २०१६ मध्ये काढलेल्या अहवालात हाच आग्रह होता: उपक्रमांची रास नको, मोजकं आणि मनापासून केलेलं पुरे, आणि घरातल्यांची देखभाल, घराला हातभार म्हणून केलेली नोकरी यांनाही सेवेइतकंच मोल द्या. अनेक नामवंत कॉलेजांच्या प्रवेश विभागांनी त्याला पाठिंबा दिला होता. या मुलाच्या यादीत मग पहिल्या क्रमांकावर आलं: ‘बहिणीला रोज शाळेतून आणणे, जेवण, अभ्यास, आजीच्या तपासणीत दुभाषा, औषधांचं वेळापत्रक सांभाळणे.’ तास १५, आठवडे ५२. चार पातळ क्लबांतले दोन आपोआप गळाले.

कच्चा माल: अर्धा तास, एक कागद

निबंध लिहायला बसू नका. कागदावर फक्त प्रसंग लिहा, एका ओळीत एक. सुचायला मदत म्हणून मी मुलांना जे प्रश्न विचारते ते असे: तिथे पोचल्यावर पहिली गोष्ट हातात काय घेता? शेवटचं कधी चिडलात, कुणावर? तुम्ही गेला नाहीत तर कुठलं काम अडतं? तिथे असा कुठला शब्द वापरता जो बाहेरच्याला कळणार नाही? कुणाचं म्हणणं ऐकून तुम्ही तुमची पद्धत बदललीत?

‘या अनुभवातून काय शिकलास?’ हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाही. त्याला ठरलेली उत्तरं येतात: नेतृत्व, संघभावना, वेळेचं नियोजन.

समूह निवडताना आकार लहान ठेवा

एका मुलीला ‘भारतीय-अमेरिकी समाज’ यावर लिहायचं होतं. ३०० शब्दांत लाखो माणसं! मसुद्यात दिवाळी आली, रंगीबेरंगी कपडे आले, दोन संस्कृतींमधला पूल आला. सगळं होतं, ती स्वतः नव्हती. मी विचारलं, आठवड्यात तू पोट धरून कधी हसतेस? क्षणात उत्तर आलं: बॅकस्टेजला.

ती शाळेच्या नाटकात रंगमंचामागे काम करायची. काळे कपडे घातलेली पाच मुलं, कानाला हेडसेट. दोन प्रवेशांमधल्या अंधारात सोफा नेमका कुठे ठेवायचा यासाठी जमिनीवर रंगीत टेपचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात. प्रत्येक प्रवेशाचा रंग वेगळा. टेपची रिळं तिच्याकडे, त्यामुळे सगळे तिला शोधत येतात. हेडसेटवर थट्टा करायची नाही हा नियम, आणि तो पहिल्या पाच मिनिटांत मोडतो. प्रयोगानंतर टाळ्यांच्या वेळी हे पाच जण रंगमंचावर नसतात. ते मागे सामान मोजत असतात.

बघा, यात समूह आहे. त्याची भाषा आहे, नियम आहे, नियम मोडण्याची पद्धत आहे आणि तिची जागा आहे: टेपवाली. दुसऱ्या मसुद्यात तिनं एक प्रसंग घातला. नव्यानं आलेल्या मुलाला लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखू येत नव्हता, पण लाजेपोटी तो बोलला नाही आणि तालमीत टेबल भलत्याच जागी गेलं. तिनं चिडून त्याला सुनावलं. मग कारण कळल्यावर रंगांऐवजी टेपच्या आकाराची खूण सुरू केली: फुली, बाण, चौकोन. सुनावल्याचा भाग तिला काढून टाकायचा होता. मी हट्टानं ठेवायला लावला. तो नसता तर ती फक्त हुशार दिसली असती.

त्यात दिवाळी नव्हती. पण ज्या मुलाच्या घरी, किंवा सणाच्या तयारीत, खरंच काही घडलंय त्यानं ते जरूर लिहावं. कसोटी एकच ठेवा: समूहातल्या वीस-पंचवीस माणसांची नावं तुम्हाला घेता येत असतील, तर आकार बरोबर आहे.

एक मसुदा, आधी आणि नंतर

सेवेबद्दलच्या प्रश्नांत सगळ्यात जास्त वेळा येणारा विषय म्हणजे फूड बँक, गरजूंना फुकट अन्न वाटणारी संस्था. विषय जुना झाला म्हणून टाकू नका. त्यातलं तुमचं काय ते शोधा. एका मुलाचा पहिला मसुदा साधारण असा होता:

‘मी गेली दोन वर्षं फूड बँकेत स्वयंसेवक आहे. भूक ही किती गंभीर समस्या आहे हे मला तिथे कळलं. गरजूंच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून खूप समाधान मिळतं. या अनुभवानं मला नम्रता आणि संघभावना शिकवली.’

मी विचारलं, पोचल्यावर हातात काय घेतोस? डबे, टिनचे. तारखा बघायच्या, शिवणीवर चेपलेला असेल तर टाकून द्यायचा. आणि? थोडा वेळ गेला. मग म्हणाला, ‘कडी ओढून उघडायचे डबे मी वेगळ्या खोक्यात ठेवतो.’ का रे? ‘एकदा एक जण बीन्सचा डबा परत घेऊन आला. म्हणाला, मी गाडीत राहतो, हा उघडू कशानं?’

दोन वर्षांची ही गोष्ट मसुद्यात नव्हतीच. त्याच्या मते ती फार किरकोळ होती. शेवटच्या मसुद्याची सुरुवात अशी झाली:

‘शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर टिनचे डबे येतात. तारीख बघायची, चेपलेले बाजूला काढायचे, बाकीचे खोक्यात. मार्चमध्ये एक माणूस बीन्सचा डबा परत घेऊन आला. तो गाडीत राहत होता आणि त्याच्याकडे ओपनर नव्हता. वर्षभर मी डबे तारखेनं लावत होतो. हे कोण, कुठे बसून, कशानं उघडणार हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता माझ्या टेबलाखाली दुसरं खोकं असतं.’

पुढे त्यानं ही पद्धत सगळ्या टेबलांवर कशी पोचली ते लिहिलं. तिथल्या एका आजोबांनी आधी विरोध केला होता, कारण खोकी आधीच जागा अडवत होती. मग त्यांनीच उपाय काढला: खोकं नकोच, टेबलाचाच एक कोपरा राखून ठेवू. म्हणजे बदल त्याच्या एकट्याच्या नावावर राहिला नाही, आणि त्यामुळेच तो खरा वाटतो. ‘नम्रता’ हा शब्द गेला. वाचणाऱ्याला ती दिसते.

अडीचशे शब्दांचं गणित

साचा द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण मुलं मागतातच. तर २५० शब्द असतील तेव्हा ढोबळमानानं: प्रसंगात थेट प्रवेश, ५० शब्द. हे कोण लोक, इथे काय चालतं, ४० शब्द. तुम्ही नेमकं काय केलंत, त्यात काय अडलं, ९० ते १००. त्यानंतर काय वेगळं दिसायला लागलं किंवा करायला लागलात, ४०. कॉलेजशी जोड प्रश्नात मागितली असेल तरच, उरलेले वीस-तीस.

ही जोड म्हणजे अर्ध्या अर्जांतली रडकथा. कॉलेजच्या वेबसाइटवरून तीन क्लबांची नावं उचलून शेवटच्या वाक्यात कोंबली जातात. त्याऐवजी तुम्ही आधीपासून जे करता त्याचंच पुढचं पाऊल सांगा. टेपवाल्या मुलीनं एवढंच लिहिलं की जिथे जाईन तिथे मी आधी अंधारात काम करणारी माणसं शोधीन आणि त्यांना टेप कुठे ठेवतात ते विचारीन.

मोठ्या निबंधाचं, म्हणजे कॉमन ॲपच्या २५० ते ६५० शब्दांच्या मुख्य निबंधाचं गणित वेगळं. तिथे एका उपक्रमावर लिहायला बंदी नाही, पण उपक्रम फक्त खिडकी असतो. त्यातून तुम्ही दिसायला हवेत. आणि मुख्य निबंधात वापरलेला विषय पुरवणी निबंधात, म्हणजे एकेका कॉलेजनं वेगळ्यानं मागितलेल्या निबंधात, पुन्हा नको; वाचणारा दोन्ही एकाच बैठकीत वाचतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाला याच्या अगदी उलट, सरळ बोलणं आवडतं. आठांपैकी चार प्रश्न, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द, सगळ्यांना सारखं वजन. ती उत्तरं मुलाखतीत दिल्यासारखी लिहा. नाट्यमय सुरुवात, उपमा, वातावरणनिर्मिती याला तिथे शब्द खर्च करू नका. नऊ कॅम्पसना एकच अर्ज जातो, म्हणून उत्तरात एका कॅम्पसचं नाव लिहून बाकी आठांना नाराज करण्यात अर्थ नाही.

जिथे पाय घसरतो

सगळ्यात मोठी घसरण तारणहाराच्या सुराची. ‘त्यांच्याकडे काहीच नव्हतं तरी ते किती आनंदी होते!’ हे वाक्य दिसलं की मी लाल पेन काढते. आठवडाभर दुसऱ्या देशात जाऊन भिंत रंगवून आलेल्या मुलांच्या मसुद्यात ते हमखास असतं. समोरचा माणूस तुमच्या निबंधातलं सामान नव्हे. त्याला एक वाक्य बोलू द्या, एक मत असू द्या, तुमची एखादी चूक त्याला काढू द्या.

दुसरी घसरण आकड्यांची. ‘पाच हजार डॉलर जमवले, दोनशे लोकांपर्यंत पोचलो.’ आकडे यादीत शोभतात. निबंधात एखादा आकडा पुरे, आणि तोही खरा. फुगवलेला आकडा शिक्षकांच्या शिफारसपत्राशी जुळला नाही तर सगळाच अर्ज संशयात येतो.

पदांचं म्हणाल तर, अध्यक्ष असण्यापेक्षा अध्यक्ष म्हणून तुम्ही कुठली कंटाळवाणी गोष्ट केलीत हे जास्त बोलकं असतं.

कापाकापी आणि दुसऱ्यांचे हात

पहिला मसुदा मर्यादेच्या दीडपट होऊ द्या. मग मोठ्यानं वाचा. बहुतेकदा पहिला परिच्छेद अख्खा उडवता येतो, कारण तो लेखकानं स्वतःला तापवण्यासाठी लिहिलेला असतो. नंतर शेवटचं वाक्य झाका आणि बघा निबंध उभा राहतो का. राहिला तर ते वाक्य तात्पर्य होतं, जाऊ द्या. मग विशेषणं, मग ‘खरोखर’, ‘अत्यंत’, ‘मनापासून’.

वाचायला दोघांना द्या, सात जणांना नको. एक जण तुम्हाला चांगला ओळखणारा. त्याला विचारा, ‘यात मी ऐकू येतो का?’ दुसरा अजिबात न ओळखणारा. त्याला विचारा, ‘मी कसा माणूस वाटतो?’ दोघांची उत्तरं जुळली तर झालं. आई-बाबांनी तपशील आठवून द्यावेत, वाक्यं लिहून देऊ नयेत. सतरा वर्षांच्या मुलाच्या निबंधात पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा शब्दसंग्रह लगेच कळतो. (मी स्वतः एकदा एका भाचीचं वाक्य ‘सुधारलं’ होतं. तिनं ते जसंच्या तसं परत फिरवलं. बरोबर केलं.)

एआयबद्दल: कॉमन ॲपच्या फसवणुकीच्या धोरणात २०२३ पासून हे स्पष्ट आहे की एआयनं तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं ही फसवणूक. कॉलेजांचे स्वतःचे नियमही असतात, ते वेगळे वाचा. शिवाय कडीच्या डब्यांची गोष्ट यंत्राला कुठून माहीत असणार? ते तुम्हाला समाधान, नम्रता आणि संघभावनाच देईल, जास्त गुळगुळीत इंग्रजीत.

एकच गोष्ट अनेक कॉलेजांना

दहा कॉलेजं म्हणजे पुरवणी निबंध सहज वीसच्या घरात. प्रत्येक नव्यानं लिहिणं शक्य नाही, गरजही नाही. एक तक्ता करा: कॉलेज, प्रश्न, मर्यादा, प्रश्नाची जात, कुठली गोष्ट. तीन-चार दमदार गोष्टी असल्या की बहुतेक प्रश्न भागतात. पण ४०० शब्दांचा निबंध २५० चा करताना सगळीकडून थोडं थोडं खरवडू नका. एक अख्खा प्रसंग काढा आणि उरलेला श्वास घेऊ द्या. आणि गोष्ट तीच असली तरी प्रश्नाची जात बदलली की भर बदलतो: समूहाच्या प्रश्नात टेपवाली आणि तिचे चार साथी, बदलाच्या प्रश्नात फुली-बाण-चौकोन.

कॉलेजचं नाव शोधून बदलताना एखादं राहतंच. गेल्या वर्षी एका मुलानं एका कॉलेजला दुसऱ्याच्या ग्रंथालयाची तोंडभरून स्तुती पाठवली. म्हणून निबंधात कॉलेजचं नाव शक्यतो एकदाच येऊ द्या.

पाठवण्याच्या दिवशी

अर्ली अर्जांची (निकाल लवकर मिळावा म्हणून आधी केलेल्या अर्जांची) मुदत बरेचदा १ नोव्हेंबर, नियमित अर्जांची जानेवारीच्या पहिल्या दिवसांत, कॅलिफोर्निया विद्यापीठाची नोव्हेंबरअखेरच्या सुमारास. मुदतीच्या रात्री साइट अडखळली तर तुमचा जीव टांगणीला, म्हणून स्वतःची मुदत चार दिवस आधीची धरा.

मजकूर दुसरीकडे लिहून चिकटवत असाल तर चिकटवल्यावर पुन्हा वाचा. परिच्छेदांमधली जागा जाते, कधी शेवटचे शब्द कापले जातात. मग प्रीव्ह्यूची पीडीएफ उघडून सगळा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचा: यादी, मुख्य निबंध, पुरवणी, याच क्रमानं, जसा समोरचा वाचणार आहे तसा. यादीत ‘आठवड्याला तीन तास’ आणि निबंधात ‘रोज संध्याकाळी’ अशी विसंगती इथेच सापडते.

आणि कॉमन ॲपची एक खोच: काही कॉलेजांच्या बाबतीत मुख्य अर्ज पाठवला म्हणजे पुरवणी निबंध गेले असं होत नाही. ते वेगळे पाठवावे लागतात, त्यांचं बटण वेगळं असतं. डॅशबोर्डवर प्रत्येक भागासमोर हिरवी खूण दिसेपर्यंत लॅपटॉप बंद करू नका.